फोटोपुरता उतार

प्रत्येक कचेरीत एखादा रकाना असा असतो, की तो भरताना कोणाचंच लक्ष कागदावर नसतं. एक डोळा घड्याळावर, एक कान फोनकडे, आणि हात आपला सवयीनं खूण करून मोकळा होतो. तुम्हीही केली असेल, मीही केली आहे. उगाच अंगावर घेऊ नका. पण या गोष्टीतल्या इंजिनिअरनं अशी खूण नऊ वर्षांत अकरा वेळा केली आणि अकराही वेळा त्याला गाढ झोप लागली, म्हणून त्याची गोष्ट सांगायची.

तो रकाना चौदावा. "सर्वांना प्रवेश: आहे / नाही." जुनी इमारत दुरुस्त करून तिथे कार्यालय थाटलं, की तपासणीच्या अर्जात हा रकाना यायचाच. काठी टेकत येणारे आजोबा, बाळाची गाडी ढकलत येणारी आई, चाकाच्या खुर्चीवरचा माणूस, या सगळ्यांना आत येता येतं का, एवढाच साधा प्रश्न. इंजिनिअर "आहे"वर खूण करायचा. तो खोटं लिहितो असं म्हणायचीही सोय नव्हती, कारण अर्जाला फोटो जोडलेला असायचा. फोटोत दार आणि दारापुढे लाकडी उतार.

हा उतार म्हणजे खात्याची खास चीज. आठ फूट लांब, वर पाय घसरू नये म्हणून ठोकलेला खरखरीत पत्रा, उचलायला दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या. तपासणीच्या दिवशी सकाळी टेम्पोतून यायचा, दाराला लागायचा, फोटो झाला की संध्याकाळच्या आत पुढच्या इमारतीकडे रवाना. सगळे त्याला "पाहुणा" म्हणायचे. पाहुणा आला का, पाहुण्याला चहा विचारला का, पाहुणा मुक्कामाला नाही ना, असे विनोद चालायचे. इंजिनिअरही हसायचा. त्यात कोणाचं वाईट चिंतलेलं नव्हतं. जुन्या इमारतींना पायऱ्या असतात, पायऱ्यांना हात लावायची बंदी असते, मुदत मानेवर बसलेली असते. मग माणसानं करायचं तरी काय?

बारावी इमारत मात्र त्याच्या जिवाभावाची होती. गावातले लोक तिला "डॉक्टरांचं घर" म्हणत. दीडशे वर्षांपूर्वी एका डॉक्टरनं बांधलेलं दुमजली दगडी घर. समोर सात रुंद पायऱ्या, वर कोरीव दार, एका बाजूला लांबलचक ओसरी आणि ओसरीवर उघडणारे जमिनीपर्यंतचे उंच दरवाजे. मधली तीस वर्षं ते कुलपात होतं. इंजिनिअरनं दोन वर्षं त्याची अशी सेवा केली, की बायको म्हणायची, त्या घरालाच डबा घेऊन जा. भिंतींवरचं सिमेंट खरवडून त्यानं पुन्हा चुन्याचा गिलावा केला. विजेच्या तारा भिंती न फोडता जुन्या धुरांड्यांतून वर नेल्या. लाकडी जमिनीच्या फळ्या एकेक उचलून, खाली तारांचं जाळं टाकून, पुन्हा होत्या तशा बसवल्या. एकही नवा खिळा जुन्या लाकडात गेला नाही, हे तो भेटेल त्याला सांगायचा.

तिथे खात्याचा नियोजन विभाग यायचा होता. पण उद्घाटनाला पाच आठवडे उरले असताना परिपत्रक निघालं, की नकाशा विभागाची इमारत पाडायची ठरली आहे, तेव्हा नकाशा विभागही डॉक्टरांच्या घरी हलवावा.

नकाशा विभागात इंजिनिअरची थोरली बहीण होती. सव्वीस वर्षं. खात्याचे सगळे जुने नकाशे आणि इमारतींच्या फायली तिच्या ताब्यात. कोणत्या गल्लीचा नकाशा कोणत्या कपाटात, कोणता फाटका आहे, कोणत्यावर कोणी शाईचा डाग पाडला, हे तिला तोंडपाठ. चार वर्षांची असताना तापात तिचे पाय गेले. तेव्हापासून चाकाची खुर्ची. जुनी कचेरी दिसायला भिकार होती, पण रस्त्याच्या पातळीवर. दारं रुंद, उंबरा नाही. ताई सकाळी कोणाचाही हात न धरता आत जायची आणि संध्याकाळी तशीच बाहेर यायची. लग्न केलं नाही, भावाच्या घरी राहायची, पण घरखर्चातला आपला वाटा महिन्याच्या पहिल्या तारखेला टेबलावर ठेवायची आणि त्यावर कोणी बोललेलं तिला खपायचं नाही. ते काम म्हणजेच तिचं सगळं होतं. निवृत्तीला चार वर्षं उरली होती.

परिपत्रक आलं त्या संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलापाशी आली आणि भाजीला मीठ कमी आहे का असं विचारावं, इतक्या साधेपणानं तिनं विचारलं.

"धाकट्या, मी कुठल्या दारानं येऊ?"

इंजिनिअरच्या हातातला घास हातातच राहिला. त्या घरातली प्रत्येक फळी, प्रत्येक बिजागरी त्याला ठाऊक होती. समोर सात पायऱ्या. मागच्या दाराबाहेर दोन आणि दारातून आत शिरलं की बोळात आणखी पाच. ओसरीचे दरवाजे उंचावर, तिथे बाहेरून चढायला वाटच नाही. स्वतःच्या घरी त्यानं ताईसाठी अंगणापासून दारापर्यंत असा हलका उतार बांधला होता, की ती एका हातात भाजीची पिशवी घेऊन वर यायची. घरी सगळं आठवलं आणि कचेरीत कसं नाही आठवलं? कारण कचेरीतल्या रकान्यातलं माणूस त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

"करू काहीतरी," तो म्हणाला. तुम्ही-आम्ही दिवसातून दहादा म्हणतो, तसंच.

दुसऱ्या दिवशी तो मोठ्या साहेबांकडे गेला. साहेब माणूस चांगला, ताईला "ताई" म्हणूनच हाक मारणारा. त्यांनी लगेच दिलासा दिला, की अहो, त्यात काय, पाहुणा आहे की आपला! आणि आतल्या पाच पायऱ्यांचं म्हणाल, तर विभागात धडधाकट माणसं आहेत. चौघं मिळून खुर्ची अलगद वर नेतील. ताईंसाठी एवढंही करणार नाही का आम्ही? सहकाऱ्यांनीही आनंदानं होकार दिला. पाळ्याही लावल्या, कागदावर.

इंजिनिअरनं हे घरी सांगितलं तेव्हा ताई हसली. म्हणाली, "चौघांच्या खांद्यावरून एकदाच जायचं असतं रे. रोज सकाळी दहाला नाही." मग हसू आवरून म्हणाली, "मी पोत्यासारखी वर जाईन आणि दिवसभर वरच राहीन. मधेच बाहेर जावंसं वाटलं तर चौघांना हाका मारायच्या? आग लागली तर? त्यातला एक रजेवर गेला तर मी पण रजेवर का?"



त्याच आठवड्यात नकाशा विभागाची बांधाबांध सुरू झाली. ताई फायली खोक्यांत भरत होती. खात्यानं दुरुस्त केलेल्या इमारतींचे तपासणी अर्ज तिच्याच कपाटात होते. आजवर तिनं ते नुसते क्रमांक घालून ठेवले होते. आता धूळ झटकताना एकेक उघडला. पहिल्या फोटोत दारापुढे उतार, त्याच्या डाव्या कडेवर हिरव्या रंगाचा एक लांब ओघळ. दुसऱ्या फोटोतही उतार, डाव्या कडेवर तोच ओघळ. तिसऱ्यातही. तिनं भावाच्या सहीच्या अर्जांचे सगळे फोटो टेबलावर ओळीनं मांडले आणि भावाला बोलावून घेतलं.

"अकरा इमारती," ती म्हणाली. "अकरा दारं. उतार एकच. आणि खाली सही तुझी."

तो काहीतरी बोलायला गेला. खात्याची पद्धत, वरून आलेला दबाव, मुदत. ताईनं त्याला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली, "मी रागावले नाही. पण एक सांग, या अकरा दारांपाशी माझ्यासारखं कोणी आलं असेल, ते तिथून मागं फिरलं असेल ना? त्याला वाटलं असेल, आपलंच काहीतरी चुकलं. कागदावर तर सोय आहे."

कागदावर सोय आहे, हे वाक्य इंजिनिअरच्या डोक्यातून पुढे कितीतरी दिवस गेलं नाही.

ताई मात्र फोटो बघून थांबणारी नव्हती. बाईला नकाशे वाचता येत होते. तिनं डॉक्टरांच्या घराचा सगळ्यांत जुना नकाशा काढला, कापडावर चिकटवलेला, घडीवर झिजलेला. त्यात घराच्या उजव्या अंगानं एक बारीक दुहेरी रेघ निघाली होती. फाटकापासून भिंतीच्या कडेकडेनं वळत ती थेट ओसरीला भिडत होती. रेघेवर एकच शब्द लिहिला होता: "वाट". नव्या नकाशात त्याच जागी "मोकळी जागा" होती. आणि त्या मोकळ्या जागेत जनरेटरचा ओटा इंजिनिअरनंच आखला होता. तीन आठवड्यांपूर्वी त्याचं काँक्रीट भरलंही होतं.

रविवारी सकाळी ती दोघं तिथे गेली. सोबत म्हातारा सुतार मिस्त्री होता. डॉक्टरांच्या घराचे सगळे दरवाजे त्यानंच दुरुस्त केले होते आणि, हे फार थोड्यांना माहीत होतं, तो पाहुणाही त्याच्याच हातचा होता. मिस्त्रीनं लोखंडी पहार घेतली आणि ओसरीपासून पावला-पावलावर मातीत खुपसत निघाला. वीतभर माती, मग टण्. पुन्हा वीतभर माती, पुन्हा टण्. खाली दगडी फरसबंदी होती. पार फाटकापर्यंत गेली होती, मधे फक्त त्या नव्या ओट्यानं अडवलेली. मिस्त्रीनं दोरी लावून मोजलं. चढ साडेतीन फूट, लांबी चव्वेचाळीस.

"एक वीत चढायला बारा वीत लांबी," तो म्हणाला. "माझ्या बापानं शिकवलेलं मोजमाप. डॉक्टरलाही ठाऊक होतं म्हणायचं."

इंजिनिअर त्या ओट्याकडे बघत उभा होता. ताई ओसरीकडे बघत होती.

मिस्त्री पहार टेकवून ओट्याच्या कडेला बसला. सावकाश बोलायची त्याला सवय होती. "साहेब, राग मानू नका. तुम्ही सगळीकडे सांगता, घरं जुनी आहेत, पायऱ्या आहेत, आपण काय करणार. पण घराला कशाला बोल लावता? या घरात आजारी माणूस गाडीवर झोपवून आणत. डॉक्टरनं आधी त्याच्यासाठी वाट काढली आणि मग स्वतःच्या ऐटीसाठी पायऱ्या बांधल्या. तुम्ही पायऱ्या जपल्या आणि वाट बुजवली."

इंजिनिअर म्हणाला, की वाट आधीच मातीखाली होती, त्याला माहीत नव्हतं. मिस्त्रीनं मान हलवली. म्हणाला, माहीत नव्हतं हे खरं. पण शोधायची गरजही पडली नाही, कारण पाहुणा होता. "तो उतार मी तुमच्या खात्यासाठी केलाच नव्हता. पलीकडच्या दवाखान्याला एक उंच पायरी आहे, तिच्या मापाचा केला. बसवला त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमचा माणूस आला, म्हणाला, एका फोटोपुरता द्या. नऊ वर्षं झाली. दवाखान्यातल्या बाई अजून मला विचारतात, मिस्त्री, आपला उतार कधी येणार? मी सांगतो, येईल. खोटं मीही बोललोच की."

त्यानंतरचे तीन आठवडे इंजिनिअर नुसता फिरत होता. वाचकहो, या तीन आठवड्यांत त्याला "नाही" म्हणणारं एकही माणूस भेटलं नाही, हे नीट ध्यानात घ्या. जुन्या वास्तू जपणाऱ्या समितीचे अध्यक्ष नकाशा पाहून हरखले. म्हणाले, जुनी वाट उघडायला आमची हरकत कशी असेल, उलट आनंद आहे, तुमच्या खात्याकडून प्रस्ताव तेवढा येऊ द्या. साहेब म्हणाले, प्रस्ताव आजच पाठवतो, पण जनरेटर हलवायचा तर वीजवाल्यांची नवी परवानगी लागेल. वीजवाले म्हणाले, देऊ की, पण आधी समितीची मंजुरी दाखवा. समिती म्हणाली, प्रस्ताव अजून पोचला नाही. सगळ्यांना वाईट वाटत होतं, सगळ्यांनी खुर्ची दिली, चहा दिला, आणि प्रत्येकानं शेवटी हात पसरून दाखवले, की माझ्या हातात असतं तर कालच केलं असतं. दगडावर डोकं आपटलं तर निदान आवाज तरी होतो. इथे तोही होत नव्हता.

दर संध्याकाळी तो घरी यायचा आणि ताई विचारायची नाही. तेच त्याला जास्त लागायचं.

तपासणीचा दिवस उजाडला. सकाळी नऊला टेम्पोतून पाहुणा आला आणि मागच्या दाराला लागला. एका पायरीच्या मापाचा तो उतार दोन पायऱ्यांना लावल्यावर चांगलाच खडा झाला. साहेब, तपासणी अधिकारी, विभागातली मंडळी सगळी मागच्या अंगणात जमली. इंजिनिअरच्या हातात अर्ज होता. तेरा रकाने भरून झाले होते.

एवढ्यात फाटकापाशी गाडी थांबली आणि ताई उतरली. नवी साडी, मांडीवर पर्स, हनुवटी वर. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

तपासणी अधिकाऱ्यांचा चेहरा खुलला. भला गृहस्थ, मनात काही पाप नाही. म्हणाले, "वा, बरं झालं! दरवेळी नुसत्या उताराचा फोटो काढतो. आज फोटोत खरं माणूस येईल."

इंजिनिअरला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. ताई म्हणाली, काढा की. तिनं स्वतः चाकं फिरवून बघितली, पण चढ तिला झेपेना. खुर्ची मागं येऊ लागली. दोघांनी मागून ढकललं. साहेब म्हणाले, ताई, जरा इकडे बघून हसा. ताई हसली. फोटो झाला. फार छान आला, असं सगळे म्हणाले, आणि मग मंडळी घर बघायला म्हणून वळसा घालून समोरच्या सात पायऱ्यांकडे गेली. कोरीव दाराचं कौतुक मागच्या बोळापर्यंत ऐकू येत होतं.

ताई दाराच्या आत होती. टेबलाएवढा तो बोळ. समोर पाच पायऱ्या. वर, उजव्या हाताला, नकाशांची खोली. तिची खोकी तिथे येऊन पडली होती, त्यांवरचे तिच्याच हातचे क्रमांक खालून दिसत होते.

टेम्पोवाला आला. पाहुणा न्यायचा होता. चार वाजता दुसऱ्या एका इंजिनिअरच्या इमारतीची तपासणी होती आणि रस्ता लांबचा. आत ताईला बघून तो घुटमळला. इंजिनिअर म्हणाला, थांब जरा.

"कशाला थांबवतोस?" ताई आतून म्हणाली. "ने रे बाबा तू. त्याची वेळ झाली."

टेम्पोवाल्यानं इंजिनिअरकडे पाहिलं, मग ताईकडे, आणि मुकाट्यानं कड्यांना हात घातला. लाकूड दगडावर घासल्याचा आवाज झाला. पाहुणा गेला. आता ताईच्या पुढे पाच पायऱ्या होत्या आणि मागं दोन. ती खुर्ची कशीबशी वळवून त्याच्याकडे तोंड करून बसली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज साफ होता.

"आता भर तुझा रकाना."

काय सांगू तुम्हाला! अकरा फोटो जोडणारा तो माणूस पहिल्यांदा त्या दारासमोर नुसता उभा राहिला. फोटोत कधीच न येणारं ते सगळं त्याला एकदम दिसलं. दवाखान्याची पायरी दिसली, अकरा दारं दिसली, आणि त्या दारांपाशी येऊन, वर बघून, काही न बोलता परत फिरलेली माणसं दिसली. त्यांतलं प्रत्येक माणूस कोणाची तरी ताई होतं. त्यानं भिंतीवर कागद टेकवला आणि चौदाव्या रकान्यात, "नाही"वर खूण केली. मग वाटलं, खूण पुरेशी नाही. म्हणून समोर लिहिलं, "नाही. याआधीच्या अकरा इमारतींतही नाही. त्या सह्या माझ्या आहेत."

मग आत शिरून त्यानं ताईला उचलून बाहेर आणलं. लहानपणी ती त्याला मांडीवर घेऊन बसायची, खुर्चीतल्या खुर्चीत. आता त्याच्या लक्षात आलं, की ती किती हलकी झाली आहे.

तुम्हाला वाटेल, झालं, आता सगळं सुरळीत झालं असेल. छे. तसं झालं असतं तर मला लिहायला बरं वाटलं असतं. साहेबांनी अर्ज वाचला, डोक्याला हात लावला आणि "अपवाद म्हणून मान्य" असा शेरा मारून वर पाठवला. उद्घाटन ठरल्या दिवशी झालं, फीत कापली, भाषणं झाली. इंजिनिअरची बदली गोदामावर झाली. ताईचं टेबल फाटकाजवळच्या पहारेकऱ्याच्या खोलीत लावलं, "तात्पुरतं". नकाशे मात्र वर; आणि जुने नकाशे खोलीबाहेर न्यायचे नाहीत, हा नियम कोणी केला होता? ताईनंच, सव्वीस वर्षांपूर्वी, त्यांच्या जिवासाठी. आता तो मोडायला तीच तयार होईना. म्हणून ती नुसती बसायची. पहिले काही दिवस वरून कोणी ना कोणी विचारायला यायचं, ताई, अमुक नकाशा कुठे असेल? ती कपाट, खण, घडी सगळं न बघता सांगायची. हळूहळू वरच्यांनाही जागा कळल्या आणि विचारणं थांबलं. अकरा महिने ती पहारेकऱ्याशेजारी बसून घराच्या भिंतीकडे बघत राहिली, आणि एके दिवशी तिनं मुदतीआधीच निवृत्तीचा अर्ज दिला. निरोपाचा समारंभ वर, नकाशांच्या खोलीत ठेवला होता. ती गेली नाही. भावाला म्हणाली, मला कोणी उचललेलं आता नको. त्या रात्री तो जेवला नाही, आणि त्यानं काय होणार होतं?

गोदामावरच्या माणसाच्या हातात काय असतं? एक वही. कोणती वस्तू कोण नेतो, कशासाठी नेतो. पाहुणाही त्याच गोदामात राहायचा. पुढच्या तपासणीला टेम्पो आला तेव्हा इंजिनिअरनं वही उघडली आणि "कारण" या रकान्यात लिहिलं, "फोटोसाठी". खाली सही मागितली. न्यायला आलेल्या माणसानं वाचलं आणि म्हणाला, असं कसं लिहिता? इंजिनिअर म्हणाला, मग कशासाठी नेताय ते तुम्ही लिहा. तो पेन धरून बराच वेळ उभा राहिला आणि रिकाम्या हातानं परत गेला. दुसरा आला, तोही तसाच गेला. सही कोणी करेना. आणि फोटो नाही म्हणून एकामागोमाग एक इमारतींचे अर्ज अडकू लागले. ज्या मंडळींना तीन आठवड्यांत एक कागद पुढे सरकवता आला नव्हता, त्यांना आता दर महिन्याला बैठक घ्यावी लागली.

फोटोला नेता येईना म्हटल्यावर पाहुणा मग शेवटी आपल्या घरी गेला. मिस्त्रीनं तो दवाखान्याच्या पायरीला बसवला आणि या खेपेला चार बोल्ट मारून जमिनीत पक्का केला. दवाखान्यातल्या बाईंनी विचारलं, आता परत नाही ना जाणार? मिस्त्री म्हणाला, आता मी मेलो तरी नाही. डॉक्टरांच्या घरचा जनरेटर हलायला मात्र दोन वर्षं आणि चार महिने लागले. माती काढली, फरसबंदी धुतली, आणि ती जुनी वाट ओसरीपर्यंत मोकळी झाली. फरशीवर दोन बारीक चाकोऱ्या उमटलेल्या होत्या, कोण्या जुन्या गाडीच्या.

इंजिनिअर ताईला घेऊन गेला. ती नको म्हणत होती. म्हणत होती, आता माझं तिथे काय आहे? वाटेच्या तोंडाशी आल्यावर त्यानं सवयीनं खुर्चीच्या मुठीला हात लावला.

"हात काढ," ताई म्हणाली.

त्यानं काढला. ती एकटी निघाली, सावकाश, चव्वेचाळीस फूट, कुठेही न थांबता. ओसरीवर पोचली, उंच दरवाजातून आत गेली. तिथे टेबलापाशी नवी मुलगी होती, तिनं हसून वही पुढे केली आणि म्हणाली, बाहेरच्यांनी नाव आणि काम लिहायचं असतं. सव्वीस वर्षं ज्या नकाशांना तिनं जपलं, त्यांच्या दारात ताई बाहेरची होती. तिनं नाव लिहिलं. "काम" या रकान्यापाशी थोडी थांबली आणि लिहिलं, "आत येणे".

नागरिकहो, तुमच्या-माझ्या पुढे असा एखादा रकाना रोज येतो. शाळेत, बँकेत, सोसायटीच्या सभेत. आपण म्हणतो, माझ्या एकट्याच्या हातात काय आहे? खरंच, फारसं काही नसतं. पण जे नाही त्याला "आहे" म्हणायचं की "नाही", एवढं तरी असतं. त्यासाठी मोठं धैर्य लागत नाही. त्या दारापर्यंत एकदा जाऊन तिथे कोण अडलंय ते बघावं लागतं. आणि ते वेळेवर बघावं. इंजिनिअरनं बघितलं, पण ताईची ती वर्षं त्याला परत देता आली नाहीत.